स्वयंपाकघरातला माझा आवाज

तीस वर्षं मी बजाजनगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि माझा एकही विद्यार्थी आजवर माझ्याशी इंग्रजीत बोललेला नाही. निबंध लिहितील, पत्रं लिहितील, गाळलेल्या जागा तर अशा भरतील की बघत राहावं. पण तोंड उघडायची वेळ आली, की "मॅडम, पाणी पिऊन येऊ का?" (हेसुद्धा मराठीत.) आता मोठे झालेत, रस्त्यात भेटतात, वाकून नमस्कार करतात, बायकोची ओळख करून देतात. मी कौतुकानं "हाऊ आर यू?" म्हटलं की त्यांना एकदम बस आठवते.

यात माझा काडीचाही दोष नव्हता, हे मला निवृत्तीच्या आदल्या वर्षी समजलं. त्या वर्षी आम्हाला पाच दिवसांचं एक प्रशिक्षण झालं. दुसरी भाषा नुसती शिकवून बोलता येत नाही, शिकणाऱ्याला शिकण्याच्या युक्त्या द्याव्या लागतात, असं त्यात सांगितलं. घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावा. बोलताना अडलात तर वेळ काढायची दोन-चार वाक्यं तयार ठेवा. शब्द आठवला नाही तर त्याला वळसा घालून सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खऱ्या माणसाचं खरं बोलणं रेकॉर्ड करा आणि कानात लावून त्याच्या मागोमाग, त्याच चढउतारात, सावलीसारखं म्हणत राहा. हे सगळं लिहिलेली एक निळी फाइल मिळाली. ती घेऊन मी इतकी पेटून घरी आले की आमच्या ह्यांनी मला आधी लिंबूपाणी दिलं. पण वर्ष संपलं, मी निवृत्त झाले आणि फाइल कपाटात गेली. युक्त्या होत्या, शिक्षिका होती, फक्त विद्यार्थी नव्हता.

तो आमच्या अनिकेतनं लग्न करून आणला.

लोपामुद्रा ओडिशातली, भुवनेश्वरची. पुण्यात दोघं एकाच कंपनीत होते. मग अनिकेतला शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागली, लोपाला घरून काम करायची परवानगी मिळाली आणि दोघं सिडकोत आमच्याकडेच राहायला आले. मुलगी हुशार, हसरी. इंग्रजी माझ्यापेक्षा बरं बोलणारी (हे मी फार कुणाला सांगत नाही). हिंदीही कामापुरती येत होती. मराठीचा मात्र गंध नव्हता.

आणि नेमकं तिथंच अक्कांचं बिनसलं.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. पाचोडला त्यांची मोसंबीची बाग आहे. आमचे हे दुसरीत असताना ह्यांची आई गेली. त्याच वर्षी अक्का लग्न होऊन घरात आल्या आणि स्वतः जेमतेम सतरा वर्षांच्या असताना ह्यांना न्हाऊमाखू घालायला लागल्या. अजूनही ह्यांना शिंक आली तर हे आधी पाचोडला फोन करतात, मग रुमाल शोधतात. तर लग्न लावून आम्ही भुवनेश्वरहून परत आलो, नव्या सुनेनं माप ओलांडलं आणि अक्का तिला जवळ घेऊन बसल्या. तीनदा काहीतरी विचारलं. लोपा तिन्ही वेळा गोड हसली. अक्कांनी पिशवी उचलली.

"पोरगी गुणाची दिसती," त्या म्हणाल्या. "पण मला तिच्यासंग बोलताच येत नाय, तर मी इथं येऊन करू काय? भिंतीसंग बोलू? ज्या दिवशी ती माझ्यासंग मराठीत बोलंल, त्या दिवशी मी या घरचं पाणी पिईन."

ह्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मग माझ्यातली शिक्षिका उसळली. मी म्हटलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या अक्का, माझी सून तुमच्याशी अर्धा तास मराठीत बोलली नाही तर मी स्वतःला शिक्षिका म्हणवून घेणार नाही. अक्का म्हणाल्या, बरं, येते. आणि पाण्याच्या घोटालाही न शिवता निघून गेल्या. हातात आठ महिने होते. दर रविवारी हे फाटकाकडं तोंड करून खुर्ची टाकायचे आणि पेपर उलटा धरून बसायचे.

मी निळी फाइल काढली.

पहिला आठवडा चिठ्ठ्यांचा. दार, खिडकी, कढई, झारा, पाट, फ्रीज, सगळ्यांवर चिठ्ठ्या लागल्या. घरात एकही वस्तू निनावी राहिली नाही. ह्यांच्या पाठीवरही एक लावली, "सासरे". ती काढायची राहिली आणि हे तसेच कोपऱ्यावर सलीमभाईंच्या दुकानात साखर आणायला गेले. सलीमभाईंनी चिठ्ठी वाचली आणि अत्यंत आदरानं विचारलं, "कुणाचे?"

मग वेळ काढायची वाक्यं. मी तिला तीन दिली. "म्हणजे कसं आहे", "तसं बघायला गेलं तर" आणि "आता काय सांगू तुम्हाला". महिनाभर तिच्याकडे एवढीच मराठी होती. पण त्या तीन वाक्यांवर तिनं शेजारच्या देशपांडेबाईंशी एकदा वीस मिनिटं गप्पा मारल्या. देशपांडेबाई स्वतःच्या सुनेबद्दल बोलत होत्या. जाताना मला म्हणाल्या, तुमची सून किती समजूतदार आहे हो, माझी बाजू इतकी कुणी समजून घेतली नव्हती.

खरी अडचण गावाची होती. आमच्या शहरात समोरचा जरा अडखळला की लोक लगेच हिंदीवर येतात. रिक्षावाला, भाजीवाली, गॅसवाला, सगळे इतके प्रेमळ की मराठी शिकूच देत नाहीत. लोपानं सलीमभाईंना सांगितलं, माझ्याशी फक्त मराठी बोला. त्यांनी ते एवढं मनावर घेतलं की पूर्ण वाक्य झाल्याशिवाय ते तूरडाळ पुढं सरकवेनात. एकदा तिला काडेपेटी हा शब्द आठवेना. तिनं वळसा घालून सांगितलं, "एका छोट्या घरात खूप जणी राहतात. डोकं घासलं की पेटतात." सलीमभाई म्हणाले, असं एक घर माझ्या सासुरवाडीला हाय, पण तुला काडेपेटी पायजे का?

आठ-दहा दिवसांत पोरगी "लई", "व्हय" आणि "नाय" म्हणायला लागली. मी तडक दुकानात गेले आणि सलीमभाईंना सांगितलं, तिला शुद्ध शिकवा.

"मॅडम, मी कन्नड तालुक्यातला," ते शांतपणे म्हणाले. "मला हीच येती. माझ्याकडं शुद्ध फक्त तूप हाय."

मी घरी येऊन लोपाला बजावलं की "लई" म्हणायचं नाही. ती म्हणाली, "व्हय."

यावर उपाय एकच होता, फाइलमधली शेवटची युक्ती. शुद्ध बोलणारं माणूस रेकॉर्ड करायचं आणि त्याची सावली व्हायचं. आमच्या घरात शुद्ध बोलणारं माणूस कोण, हे सांगायला नको. मी साडी नीट करून लोपाच्या फोनसमोर बसले आणि "आज हवा प्रसन्न आहे. बागेत मुले खेळत आहेत," असं दहा मिनिटं बोलले. लोपानं ते चार दिवस म्हटलं आणि पाचव्या दिवशी (वळसे घालत) तक्रार केली. "आई, हे तुम्ही शाळेसारखं बोलता. असं घरात कुणी बोलत नाही. तुम्ही दुपारी फोनवर बोलता ते खरं आहे."

फोनवर म्हणजे शकूशी. शकू माझी धाकटी बहीण, कन्नडला असते. रोज दुपारी जेवणं झाली की आम्ही तासभर बोलतो. मी फाइल उघडून पाहिली. "खऱ्या माणसाचं खरं बोलणं," असं तिथं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. मला माझाच अभिमान वाटला. मी म्हटलं, कर की मग, मी बोलत असले की तू खुशाल रेकॉर्ड करत जा, मला विचारूसुद्धा नकोस.

पहिले दोन दिवस मी जपून बोलले. "शकुंतला, तुझी प्रकृती कशी आहे?" असं विचारल्यावर शकू घाबरली आणि म्हणाली, काय झालं, घरात कुणी पाहुणे आहेत का? तिसऱ्या दिवशी मी फोनचं विसरले. पुढच्या चार महिन्यांत मी काय काय बोलले हे मला आठवत नाही. लोपाच्या फोनला आठवत होतं.

प्रगती मात्र अशी झाली की माझे डोळे दिपले. पोरगी माझ्यासारखी खाकरून वाक्य सुरू करायला लागली. माझ्यासारखा सुस्कारा टाकायला लागली. एकदा तिनं आतून "अहो, ऐकलंत का?" म्हटलं, तर हे न्हाणीघरातून साबणासकट "आलो, आलो" करत आले. समोर सून बघून परत गेले, ते तासभर बाहेर आले नाहीत. मी मनात म्हटलं, तीस वर्षं फुकट गेली नाहीत.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी हळदीकुंकू ठेवलं. बायका पाचला येणार होत्या. अक्का साडेतीनलाच आल्या. पुतण्याची गाडी मोसंब्या घेऊन शहरात येत होती, त्यात बसून त्या आल्या, आणि येताना आमच्यासाठी मोसंब्यांचं एक पोतंही आणलं. ह्यांनी दार उघडलं तेव्हा मी हॉलमध्येच आरशासमोर उभी होते, निम्मी पैठणी अंगावर आणि निम्मी हातात. तशीच निऱ्यांची मूठ धरून मी पाया पडले. ह्यांनी सवयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. अक्कांनी तो बोटानं बाजूला सरकवला.

"पोरगी कुठंय?" त्यांनी विचारलं.

पोरगी स्वयंपाकघरात होती. तिळगुळाचं ताट लावता लावता, कानात ते छोटे बिनवायरचे इअरफोन घालून, परीक्षेआधीचा शेवटचा सराव करत होती. मी सांगायला तोंड उघडलं. आणि आतून माझा आवाज आला.

मी सोफ्याजवळ उभी होते, माझं तोंड नुसतंच उघडं होतं, आणि माझा आवाज स्वयंपाकघरातून येत होता. आधी खाकरला. मग म्हणाला, "अगं शकू, तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस. पाचोडच्या मोसंब्या आल्यात."

अक्कांनी पोत्याकडं बघितलं.

"गोड सगळ्या बाजारात, आंबट सगळ्या आमच्या घरात!" माझा आवाज म्हणाला. "निवडून पाठवतात गं."

मी खोकले. मोठ्यानं खोकले. कानात आवाज भरलेल्या माणसाला दुसऱ्याचा खोकला ऐकू येत नाही, हे फाइलमध्ये कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी रिमोट शोधून टीव्ही लावला आणि आवाज वाढवत नेला. आतून लोपानंही वाढवला, कारण स्पष्ट आणि खणखणीत म्हणायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. ह्यांना एकदम देवपूजा आठवली. दुपारी पावणेचारला हे देवासमोर उभे राहून जिवाच्या आकांतानं घंटी वाजवायला लागले. या सगळ्यावर ताण करून माझा आवाज सांगत होता, "आणि अक्कांचं घोरणं! भुवनेश्वरहून येताना मला वाटलं, इंजिन आपल्या डब्यातच जोडलंय."

"सुमन, तो टीव्ही बंद कर," अक्का म्हणाल्या. "मधू, घंटी ठेव."

आम्ही दोघांनी वर्गातल्या मुलांसारखं ऐकलं. मी म्हटलं, अक्का, ती कुठल्याशा मालिकेतले संवाद पाठ करतेय.

"मालिकेत पाचोड हाय व्हय?"

आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी स्वतःला वाचवायचंच आलं. मी म्हटलं, कोपऱ्यावर सलीमभाई म्हणून एक दुकानदार आहेत, ते तिला काहीबाही शिकवतात, मी कितीदा सांगितलं. तेवढ्यात आतून सुस्कारा आला, माझा, खास माझा. "मी तीस वर्षं शाळेत काढली शकू, मला माणसं कळतात. आमच्या ह्यांचं म्हणशील तर वहिनी म्हणजे देव्हारा! वहिनी म्हणाल्या तर हे भर पावसात अंथरूण वाळत घालतील."

ह्यांनी घंटीकडं बघितलं, पण उचलायची हिंमत झाली नाही.

मी स्वयंपाकघराकडं धावले. निऱ्यांवर पाय पडला, होती नव्हती ती सगळी पैठणी सुटली आणि मी जी बसले ती थेट मोसंब्यांच्या पोत्यावर. त्याच वेळी लोपा बाहेर आली. काठापदराची साडी, हातात तिळगुळाचं ताट, इअरफोन काढून ठेवलेले, चेहऱ्यावर आठ महिन्यांच्या अभ्यासाचं तेज. तिनं ताट ठेवून अक्कांना वाकून नमस्कार केला आणि सासू पोत्यावर का बसली आहे, हे न विचारण्याइतका मोठेपणा दाखवला.

"काय बोलू लागली होती गं तू आत?" अक्कांनी विचारलं.

लोपानं माझ्याकडं बघितलं. मग ह्यांच्याकडं, मग परत माझ्याकडं. तिला सगळं समजलं. तिचा चेहरा असा उतरला की मला स्वतःची शिसारी आली. आठ महिने घासून तयार केलेली पोरगी, आणि ऐन वेळी मला वाचवण्यासाठी परत लग्नातल्यासारखी गप्प उभी राहिली होती. अक्कांच्या मागं हे उभे होते, ते जमिनीकडं बघत होते.

"अक्का, तिचं काही नाही त्यात," मी पोत्यावरूनच म्हणाले. "आवाज तिचा, शब्द माझे. मी शकूशी बोलते ते ती पाठ करते. मीच करायला सांगितलं होतं."

अक्कांनी शांतपणे पदर खांद्यावर घेतला, पिशवी उचलली आणि त्या दाराकडं निघाल्या. ह्यांच्या तोंडून "वहिनी" एवढंच निघालं. दुसरीतल्या मुलानं हाक मारावी तसं.

"अक्का, थांबा," लोपा म्हणाली. "म्हणजे कसं आहे..." ती थांबली. तिनं वेळ काढला. फाइलमध्ये सांगितला होता अगदी तसा. "ते आईंचं होतं. आता मी माझं बोलते. चालेल?"

अक्का दारात उभ्या राहिल्या.

"लग्नानंतर आपण गाडीत होतो. दुपारी सगळे झोपले. मी वरच्या बाकावर होते. मला इथं दुखत होतं." तिनं छातीवर हात ठेवला. "डॉक्टरवालं दुखणं नाय. घर मागं मागं जातं ना, आणि आपण पुढं, तेव्हा होतं ते. त्याचा शब्द मला माहीत नाय. मी रडत होते. मग खाली तुम्ही घोरायला लागलात. माझी आजी असंच घोरते. एकदम सेम. मला वाटलं, आजी खाली झोपली आहे. मग मला लई छान झोप लागली."

अक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मीही बघत राहिले. आठ महिने ही पोरगी माझ्या घरात होती, तिला रोज मराठीत बोलायला लावत होते, पण तिला सांगायचं काय आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"आणि मोसंब्या आंबट नाय," लोपा पुढं म्हणाली. (इथं थांबली असती तरी चाललं असतं.) "आई रोज दोन खातात. फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या मागं लपवतात."

अक्कांनी पिशवी खाली ठेवली. "तुला लई म्हणायला कुणी शिकवलं?"

"सलीमभाईंनी. आई म्हणतात, म्हणायचं नाय."

अक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पोत्यात अजून वीतभर खाली गेले. मग त्या सोफ्यावर बसल्या आणि पाय वर घेतले. "पाणी आण गं पोरी."

हे तांब्या घ्यायला धावले. अक्का म्हणाल्या, तू बस मधू, तिला आणू दे. लोपानं पाणी आणलं, अक्का गटागटा प्यायल्या आणि परत भांडं पुढं केलं. हे घाईघाईनं देवघराकडं वळले आणि तोंड भिंतीकडं करून समई पुसायला लागले. समई स्वच्छ होती. बराच वेळ पुसत होते.

पाच वाजता बायका आल्या, तेव्हा अक्का आणि लोपा एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. अर्धा तास कधीच उलटून गेला होता. अक्कांनी तिची ओटी भरली आणि देशपांडेबाईंना सांगितलं, ही माझी सून, मराठी लई चांगलं बोलती. बायकांना हळदीकुंकू लावायचं काम माझ्याकडं आलं. सगळ्या गेल्यावर अक्कांनी फर्मान काढलं, "त्या फोनमधलं बाकीचं पण लाव." मी हात जोडले, शकूची शपथ घातली, काही उपयोग झाला नाही. त्यांनी चार महिन्यांतलं निवडक ऐकलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि एक ठिकाण परत परत लावायला सांगितलं. ते अंथरुणाचं. हेसुद्धा हसले. मी मुकाट्यानं मोसंबी सोलत होते.

तेव्हापासून अक्का दर रविवारी येतात. ह्यांचा पेपर आता सरळ असतो. मोसंब्यांची दोन पोती येतात. एकावर लोपाच्याच पद्धतीची चिठ्ठी असते, "गोड". दुसऱ्यावर "सुमन".

मी मात्र शहाणी झाले. घरात रेकॉर्डिंग चालू असेल या धाकानं मी शकूशी फोनवर इंग्रजीत बोलायला लागले. बिचाऱ्या शकूला त्यातलं फारसं कळत नाही, ती मधूनमधून "येस, येस" म्हणते आणि शेवटी "आता मराठीत सांग की" म्हणून गयावया करते. पण मन मोकळं होतं. लोपा ऐकते, पण ती शहाणी आहे, परत अक्कांपुढं काही बोलायची नाही, अशी माझी खात्री होती.

मधल्या काळात अक्कांनी एक नवीनच काढलं. लोपाच्या आईला मराठी येत नाही, अक्कांना ओडिया येत नाही. पण लोपाच्या आईला इंग्रजी येतं, म्हणून अक्का म्हणाल्या, पोरीनं माझ्यासाठी एवढं केलं, आता विहीणबाईसंग मी बोलते. लोपानं माझ्याकडून निळी फाइल मागून नेली. मी धन्य झाले. पाचोडच्या घरात दारावर, रांजणावर, थोरल्या दिरांच्या टोपीवर इंग्रजी चिठ्ठ्या लागल्याचं कानावर आलं. सावलीचा पाठ सुरू झाल्याचंही कळलं. लोपा म्हणत होती, अक्कांना परदेशी उच्चार झेपत नाहीत, आपल्याच माणसाचं, खरं, घरगुती इंग्रजी पाहिजे. मी म्हटलं, छान. असं इंग्रजी तिला मिळालं कुठं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

परवा दुपारी फोन वाजला. पाचोडचा नंबर. मी उचलला. पलीकडून आधी कुणीतरी माझ्यासारखं खाकरलं.

"हॅलो शकू," अक्का म्हणाल्या. "लिसन. डोन्ट टेल एनीबडी. माय सिस्टर-इन-लॉ इन पाचोड, शी थिंक्स शी इज क्वीन ऑफ मोसंबी." मग एक सुस्कारा. माझा, खास माझा. "थर्टी इयर्स आय वॉज इन स्कूल, शकू. आय नो पीपल."

एकही अडखळ नाही. तीस वर्षं शिकवून आणि आठ महिने फाइल राबवून अखेर माझ्याशी इंग्रजीत बोललेली ही माझी पहिली विद्यार्थिनी. बोलून झाल्यावर त्या थांबल्या, माझ्या उत्तराची वाट बघत. मला एकही शब्द सुचेना. वेळ काढायचं वाक्यही आठवेना.

"अक्का," मी म्हणाले, मराठीत, "पाणी पिऊन येऊ का?"